उमाजी मारबत्याचा आखाडीचा डाव

उमाजी मारबत्याने पोटच्या पोरीचं मढं गोधडीखाली झाकून ठेवलं आणि स्वतः लंगोट कसून हुतुतू खेळायला गेला, अशी कुजबुज मोहबोडीत बरीच वर्षं होती. कुजबुज आपली म्हणायची. आमच्या गावात कुजबुज अशी करतात की तलावाच्या त्या काठावरचा बगळा उडून जावा.

मी गावचा न्हावी. गावातली बातमी दोन जागी पिकते, एक विहिरीच्या काठावर आणि दुसरी वस्तऱ्याखाली. विहिरीवरच्या बातमीत मीठ जास्त, वस्तऱ्याखालच्या बातमीत अक्कल कमी. आमची बायको विहिरीवर जायची, म्हणून माझ्याकडे दोन्ही यायच्या. तेव्हा मी जे सांगतो त्यात मीठ वाटलं तर ते घरचं समजा.

मोहबोडी चांदा जिल्ह्यातली. आरमोरीच्या बाजारापासून बैलगाडीने निघालं तर दिवस कलेपर्यंत पोचावं, रस्त्यात जंगल आणि जंगलात मोहाची झाडं. गावाला तलाव केवढा थोरला. तलावाखालची धानाची शेती कुणब्यांची, आणि तलावातलं जे काही असेल ते ढिवरांचं. मासे त्यांचे, शिंगाड्याच्या वेली त्यांच्या. ढिवरांचे टोले, म्हणजे वस्त्या, दोन. वरचा आणि खालचा. आणि पाणीही दोन जातीचं. पाळीलगतचं, म्हणजे बांधाजवळचं, पाणी खोल. तिथे उन्हाळ्यातही मासा सापडतो, शिंगाडा दिवाळीनंतरही फळतो. वरच्या अंगाचं पाणी उथळ. पावसाने हात आखडला की दिवाळीला तिथे म्हशी लोळतात.

मालगुजार होता तोवर कोणत्या टोल्याने कोणतं पाणी घ्यायचं ते तोच ठरवायचा. त्याचं बोट ज्या टोल्याकडे वळेल त्याचं खोल पाणी. बोट कुणीकडे वळेल हे पोळ्याला कोणाच्या घरून मोठा मासा गेला यावर होतं. मग मालगुजारी गेली आणि बोटही गेलं. पहिल्याच साली तलावावर डोकी फुटली. वरच्या टोल्याचा मुखिया मनसाराम, माणूस डोक्याने थंड. त्याने दोन्ही टोल्यांना मातामायपुढे बसवलं आणि दंडक घातला. आखाडीला, म्हणजे आषाढातल्या देवीच्या पूजेला, दोन्ही टोल्यांनी मातामायच्या पटांगणात हुतुतू खेळावा. जिंकेल त्याचं खोल पाणी, पुढल्या आखाडीपर्यंत. देवीपुढचा खेळ, म्हणून सुतकातला माणूस रेघेच्या आत यायचा नाही. ज्या टोल्यात सुतक असेल आणि गडी पुरणार नाहीत, त्याने न खेळता उथळ पाणी घ्यायचं. आखाडीचा दिवस काही पुढे सरकवता येत नाही.

खालच्या टोल्याने हा दंडक नाचत कबूल केला. हुतुतू आपल्याला जास्त येतो, एवढंच त्यांना दिसलं. मला विचाराल तर ढिवरांनी आजवर केलेली सगळ्यात मोठी चूक तीच. वरच्या टोल्यात चार आडनावं होती. एका घरी मढं पडलं तरी बाकीचे खेळायला मोकळे. खालचा टोला सगळाच्या सगळा मारबत्यांचा. एकच भावकी. एका घरी कोणी डोळे मिटले की अख्खा टोला सुतकात. ही गोष्ट त्या दिवशी तिथे बसलेल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आली नाही. मनसारामच्या आली असेल तर तो बोलला नाही.

आता उमाजी. लढाईच्या दिवसात तो आरमोरीच्या बाजारात मासे विकायला गेला होता. तिथे डफ वाजवून भरती चालली होती. याने माशांचं टोपलं शेजाऱ्याच्या हाती घरी पाठवलं आणि आपण कामठीला गेला. जातीने ढिवर, म्हणून पलटणीत पाणक्याचं काम मिळालं. बर्माच्या जंगलात गोळ्या चालू असताना मोर्च्यावर पाण्याचे डबे पोचवायचे. लढाई संपली तेव्हा तो एक खाकी कोट, एक शिट्टी आणि एक बहिरा कान घेऊन परत आला. डावा कान तोफेच्या आवाजाने गेला होता. गावाची मोठी सोय झाली. त्याच्याविषयी काय बोलायचं ते लोक त्याच्या डाव्या अंगाला बसून बोलायचे.

गाव त्याला पलटणभाऊ म्हणायचं. रोज दाढी करणारा मोहबोडीतला तो एकटा माणूस. एकदा मी साबण फेसता फेसता म्हटलं, "पलटणभाऊ, लोक म्हणून राह्यले का बर्माले तुमची दुसरी बायको आहे."

"दोन केल्या होत्या," तो म्हणाला. "एक तुह्यासाठी आणून राह्यलो होतो. जहाज पाहून भेली अन् पळाली."

"मंग गोकुळाबाईले सांगू काय?"

"सांग ना. पण वस्तरा आधी बाजूले ठेव."

गोकुळा म्हणजे त्याची बायको. अंगाने काटकुळी, बोलायला कमी. तिच्यावर आणि पोरीवर या माणसाचा इतका जीव की लोकांना लाज वाटावी. पोरगी चंदा. तिची वेणी उमाजी घालायचा. पाळीवर बसून, चारचौघांत. पलटणीत दोर वळायला शिकवतात म्हणे, तशी घट्ट वेणी. बायका पदराआड हसायच्या. वरच्या टोल्याची सुगंधाबाई, जिच्या जिभेला हाड सोडाच, सुट्टीही नव्हती, ती म्हणायची, "उमाजीभाऊ, वेणी झाली का आता लुगडं बी नेसून घ्या."

"तुम्ही नेसवा ना बाई," उमाजी म्हणायचा. "गावात तुमच्यावानी नेसवणारी कोण आहे?"

बाकीच्या वेळी हुतुतू. मोहबोडीत आधी हुतुतू म्हणजे ढकलाढकल होती. उमाजीने पटांगणावर चुन्याच्या रेघा ओढल्या, शिट्टी आणली, दम तुटला की तुटला, रेघ ओलांडली की ओलांडली. आधी भांडणं वाढली, मग कमी झाली. टोल्यातल्या गड्यांना तो पहाटे तलावावर न्यायचा. ओली जाळी खांद्यावर घेऊन पाळीवरून पळवायचा आणि मग पाण्यात बुडी मारून दम धरायला लावायचा. ढिवर पाण्यातच वाढलेला, त्यात हा बसलेला मागे. खालच्या टोल्याचा गडी रेघेपलीकडे गेला की परत येईपर्यंत त्याचं हुतुतुतु तुटायचं नाही. चंदा पाळीवर शिट्टी घेऊन बसायची. कोणाचा दम तुटला असं वाटलं की फुर्र करायची, आणि तिची शिट्टी उमाजीच्या चढाईवर वाजली तरी उमाजी निमूट बाहेर बसायचा. तिचा धाकटा भाऊ मुखरू तेव्हा अंगावर पीत होता.

पहिल्या सालचा आखाडीचा डाव खालच्या टोल्याने मारला. दुसऱ्या सालीही मारला असता. पण आखाडीच्या आदल्या सांजेला टोल्यातला म्हातारा दादाजी मेला.

म्हातारा दोन पावसाळे खाटेवर होता. कोणालाही तो जड नव्हता, पण त्या सांजेला सगळ्यांना झाला. त्याची तिरडी बांधताना त्याच्याच पुतण्यांनी त्याला ज्या शिव्या घातल्या त्या मी ऐकल्या आहेत. "आणखी दोन दिवस थांबाले काय झालं होतं, म्हाताऱ्या?" उमाजीचा भाऊ डोमा मढ्याच्या तोंडाजवळ वाकून म्हणाला, जसा काही म्हातारा उत्तर देणार होता. मी तोंड फिरवून हसलो. ते हसू पुढे पुरलं नाही.

न खेळता उथळ पाणी वाट्याला आलं. त्या साली पावसाने पोळ्यानंतर पाठ फिरवली. दिवाळीला वरच्या अंगाला चिखल आणि चिखलात शिंगाड्याच्या काळ्या पडलेल्या वेली. मासा नाही, शिंगाडा नाही. बाया मजुरीला दूरदूर गेल्या. कुणब्यांचंच धान पिकलं नव्हतं, ते तरी मजुरी कुठली देणार. फागुनात मोहफुलं उकडून खाल्ली, वैशाखात जंगलातले कडूकांदे खणले. कडूकांदा नीट धुतला नाही तर माणूस ओकून ओकून अर्धा होतो. खालच्या टोल्यात त्या उन्हाळ्यात दोन म्हाताऱ्या गेल्या. लेकरांची पोटं पुढे आली आणि हातपाय काडीसारखे झाले. चंदाची वेणी पातळ झाली. उमाजी ती घालायचा तेव्हा आता कोणी हसत नव्हतं.

आषाढ लागला, तरोट्याची भाजी उगवली, पेजेबरोबर तीच खाऊन सगळे आखाडीची वाट पाहू लागले. टोल्यात दुसरा विषय नव्हता. या साली खोल पाणी मिळालं नाही तर पुढल्या साली टोल्यात मोजायला लेकरं राहणार नाहीत, हे सांगायला कोणी पंडित लागत नव्हता. उमाजी गड्यांना पळवायचा, पण आता पाळीच्या अर्ध्यातच माणसं खाली बसायची. तो त्यांना शिव्या द्यायचा नाही. आपणही शेजारी बसायचा.

आखाडीला चार-पाच दिवस राहिले असतील. चंदाला हीव भरून ताप आला. आमच्याकडे पावसाळ्यात ताप कोणाला येत नाही. पण हा उतरेना. मातामायच्या पुजाऱ्याने, झाडू त्याचं नाव, अंगारा लावला, लिंबू उतरवलं. ताप डोक्यात चढला आणि पोरगी बडबडू लागली. आखाडीच्या आदल्या दिवशी तर ती बापालाही ओळखेना. टोल्यातली माणसं एक एक करून दारात येऊन जायची. तोंडाने विचारायची, "कसं आहे पोट्टीचं?" आणि डोळ्यांनी दुसरंच विचारायची. उमाजीला ते कळत होतं. डोमा आला तेव्हा उमाजी म्हणाला, "पाहून घे. जित्ती आहे." डोमा खाली मान घालून गेला.

आखाडीला सकाळी देवीला कोंबडं झालं, पूजा झाली, आणि पटांगणात सारं गाव जमलं. मी चुन्याच्या रेघेजवळच होतो. उमाजी सगळ्यांत शेवटी आला. मनसारामने रीतीप्रमाणे दोन्ही टोल्यांना विचारलं, "कोणाच्या घरी सुतक आहे काय?" वरच्यांनी नाही म्हटलं. खालच्यांनी उमाजीकडे पाहिलं.

"नाई," उमाजी म्हणाला.

तो खेळ मी विसरणार नाही. खालच्या टोल्याच्या गड्यांच्या बरगड्या मोजाव्या अशा, आणि समोर वरच्या टोल्याचे वर्षभर मासा खाल्लेले दांडगे. पहिल्या डावात खालचे सपाट झाले. एकटा उमाजी उरला होता, त्यालाही चौघांनी मिळून दाबला. विसाव्याला त्याने डोमाच्या बायकोला घरी पाठवलं. ती येऊन म्हणाली, "जाऊबाई म्हणते, पोरगी झोपली. तुमी खेळा." उमाजीने तोंडावर पाणी मारलं आणि उठला. त्याच्यात कुठून काय आलं कोण जाणे. दुसऱ्या डावात तो चढाईला गेला की वरच्यांचे दोन-दोन गडी मारून आणायचा. दम असा की ऐकणाऱ्याची छाती भरून यावी. तिसऱ्या डावात डोमा आणि इतर पोरं त्याच्या मागून पेटली. शेवटची चढाई मनसारामच्या पुतण्याची होती. त्याला उमाजीने घोट्याला धरलं ते सोडलं नाही. चिखलात तोंड खुपसलं गेलं तरी सोडलं नाही. पुतण्याचा दम तुटला.

खालच्या टोल्याच्या बाया रडल्या. पुजाऱ्याने देवीपुढचा नारळ उमाजीच्या हातात दिला. तो कोणाशी न बोलता, अंगाला चिखल तसाच, तो नारळ घेऊन घराकडे पळाला.

घरी सुगंधाबाई आधीच पोचली होती. तिचं म्हणणं, ती चुलीसाठी विस्तव मागायला गेली होती. वरच्या टोल्यातून खालच्या टोल्यात विस्तव मागायला, वाटेतली सगळी घरं सोडून. बरं. तिने जाऊन गोधडीला हात लावला. उमाजी दारात आला तेव्हा सुगंधाबाई ओरडत बाहेर येत होती आणि गोकुळा भिंतीला टेकून बसली होती. उमाजी आत गेला. बऱ्याच वेळाने तो पोरीला हातावर घेऊन बाहेर आला आणि लोकांना म्हणाला, "माती द्याची आहे."

कुवाऱ्या पोरीचं सुतक तीन दिवसांचं. चौथ्या दिवशी पंच बसले. दोन्ही टोले होते, बाया मागे. सुगंधाबाईला आधी बोलायला लावलं. तिला लावावं लागलं नाही.

"म्या गावची मढी न्हाऊ घातली आहेत," ती म्हणाली. "आता गेलेलं लेकरू कसं लागते ते मले मालूम आहे. पोरीचा हात लाकडावानी होता. पहाटेच गेली ती. मायनं लेकराचं मढं झाकून पेज रांधली. ती माय नोय, चेटकीण होय."

बायांमध्ये तो शब्द फिरला. गोकुळाच्या शेजारी बसलेल्या दोघी सरकल्या. आमच्या भागात तो शब्द हलका नव्हता. वैनगंगेकडच्या एका गावात त्याच सुमारास एका बाईला तो शब्द लागला होता. तिचे दात पाडून तिला जंगलात हाकललं, पुढे तिचं लुगडं तेवढं सापडलं. सगळ्यांना ठाऊक होतं.

मनसारामने हात वर केला. "उमाजी, खरं सांग गा. पोरगी कवा गेली?"

"पहाटे."

"तुले मालूम होतं?"

उमाजीने एकदा मागे बायांकडे पाहिलं. "होतं."

"अन् तू मातामायपुढे नाई म्हणून उतरला?"

"उतरलो."

"टोल्यात आणखी कोणाले मालूम होतं?"

"कोणालेच नाई. म्या झाकलं. बायकोले बी मीच धाक घातला, बोलली त पाह्यजो म्हटलं."

मागे गोकुळा उभी राहिली. "भाऊ, माह्यं ऐका," ती म्हणाली.

"तू गप राह्य. खाली बस," उमाजी ओरडला. पलटणीतला आवाज होता तो. आम्ही त्या घरातून तसा आवाज कधी ऐकला नव्हता. गोकुळा बसली. त्याने बायकोला पंचांपुढे तोंड उघडू दिलं नाही, हेही पुढे लोकांनी त्याच्या नावावर लिहिलं.

डोमा रडत होता. "दादा, आमाले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं त खेळला असता काय?"

"नाई."

"मंग आता काय विचारून राह्यला."

पंचांनी डोकी जुळवली. मनसाराम न्यायाचा माणूस होता, खोल पाणी आपल्या टोल्याला येत असतानाही होता. तो म्हणाला, ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना दोष नाही, त्यांचा डाव खरा. ज्याला ठाऊक होतं तो जातीबाहेर. त्याला विस्तव नाही, पाणी नाही, तलावात पाय नाही, पटांगणात पाय नाही. न्हाव्याने त्याची दाढी करायची नाही. हे शेवटचं माझ्याकडे पाहून.

"माहे बायको-पोर?" उमाजीने विचारलं.

"ते तुह्या भावाकडे राहतीन. त्यांचा हिस्सा त्यांना भेटन. पण तुह्या दारात येतीन त तेही बाहेर."

"चालते," उमाजी म्हणाला, आणि खाकी कोट घेऊन निघाला.

त्याने पाळीच्या टोकाला, जिथून जंगल सुरू होतं, तिथे झोपडी घातली. बांबू तोडाईच्या ठेकेदाराकडे मजुरी करायचा. त्या साली खालच्या टोल्याने खोल पाण्यातले शिंगाडे आरमोरीला गाडीने नेले. मुखरूच्या अंगावर मांस आलं. एक दगड होता पाळीवर, त्या दगडावर कधी कधी पानात झाकलेला भात असायचा. तो कोण ठेवायचं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि पंचांना दिसत नव्हतं. मनसाराम तिकडून जायचा तेव्हा तर मान वळवून आकाशातले ढग पाहायचा, चैत्रातही.

गावाने मात्र उमाजीला चावून चावून खाल्लं. बाप नोय, कसाई होय. पोरीपेक्षा त्याला हुतुतू गोड. बर्माला माणसं मेलेली पाहून पाहून त्याचं काळीज दगड झालं. त्याच्या टोल्यातली माणसंही बोलायची, त्याच्या जिवावर पिकलेले शिंगाडे सोलता सोलता. डाव्या अंगाला जाऊन बोलायचीही गरज उरली नव्हती. तो आता कोणत्याच अंगाने ऐकत नसे. दाढी मात्र तो स्वतःच करायचा, पलटणीतल्या वस्तऱ्याने, तलावाच्या पाण्यात पाहून. पाण्यात पाय घालायला बंदी होती, तोंड पाहायला नव्हती.

आखाडीला तो पाळीवर येऊन बसायचा. लांबून, पटांगण दिसेल असा. दम तुटला की नाही, रेघ ओलांडली की नाही, यावर तंटा झाला की गडी नकळत पाळीकडे पाहायचे. आधी एखादाच पाहायचा, पुढे सगळेच. उमाजीने हात वर केला तर गडी मेला, नाही केला तर जिता. त्याच्याशी बोलायला बंदी होती, पण मान वर करून पाहायला काय बंदी. एका साली शेवटच्या चढाईवर तंटा पेटला. काठ्या निघायच्या बाकी होत्या. सगळ्यांनी पाळीकडे पाहिलं. चढाईचा गडी डोमा होता. रेघेला त्याचा पाय लागला की नाही, यावर वर्षाचं पाणी होतं, आणि त्या पाण्यावर गोकुळा नि मुखरूची भाकरही होती. उमाजीने हात वर केला. डोमा बाहेर. खोल पाणी वरच्या टोल्याचं. त्या साली दगडावरचा भात कमी झाला. पाऊस चांगला होता म्हणून टोला तगला.

त्यानंतर मनसारामचं मन खाऊ लागलं. तो म्हातारा झाला होता. एके दिवशी तो स्वतः पाळीच्या टोकाला गेला, जरा लांब उभा राहिला. मी मागे होतो, मला त्याने साक्षीला नेलं होतं.

"उमाजी, तुले परत घेतो," तो म्हणाला. "जातीले दंडाची भाकर घालाची गरज नाई, ते मी पाहून घेईन. आखाडीले तू शिट्टी घेऊन पटांगणात उभा राह्य. दोन्ही टोले म्हणून राह्यले."

उमाजी बांबू तासत होता. हात थांबला. पटांगणाचं नाव काढल्यावर त्याच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं आहे. उपाशी माणसाच्या तोंडावर भाताच्या वासाने येतं तसं.

"एकच रीत कराची," मनसाराम म्हणाला. "मातामायच्या दगडावर हात ठेवून त्या दिवशी जे झालं ते सांगाचं. तू पंचांपुढे जे बोलला तेच. मंग तुहा दोष देवीनं घेतला."

उमाजीने पुन्हा बांबूला कोयती लावली.

"दगडावर हात ठेवून नाई सांगत," तो म्हणाला.

"काऊन गा? शब्द त तुह्येच आहेत."

"नाई सांगत, भाऊ. जा तुमी."

वाटेत मनसाराम मला म्हणाला, "देवीले भ्याला. मनात पाप आहे त्याच्या." मी हो म्हटलं. सांजेपर्यंत विहिरीवर ते पोचलं. सुगंधाबाई म्हणाली, पाहा, मी म्हणतच होती.

पुढच्या हिवाळ्यात जंगलात पावसाची झड बसली आणि उमाजी बांबूच्या कामावर भिजला. छाती भरली. झोपडीत पडून राहिला. पंचांनी तेव्हा तरी गोकुळाला जाऊ द्यायला हवं होतं, पण कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. ती न विचारताच गेली. ती गेली तेव्हा तो बोलत नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

मढं जातीबाहेरचं. हात कोण लावणार? दोन्ही टोल्यांचे पुरुष पाळीवर येऊन उभे राहिले आणि एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. डोमा पुढे होई, मागे होई. मीही वस्तरा घेऊन उभा होतो, मुखरूचं डोकं करायचं की नाही ते कळेना. तेव्हा गोकुळा झोपडीतून बाहेर आली. मुखरूला बोटाशी धरून ती मनसारामपुढे उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. ती काय बोलली ते सांगतो, पण आधी पुढचं सांगून घेतो.

मनसाराम खाली बसला. मग उठला आणि तिरडीचा पहिला बांबू त्याने उचलला. बाकीचे मागून आले. मी उमाजीची शेवटची दाढी केली. गाल खोल गेले होते, वस्तरा नीट फिरेना. गोकुळाला कोणी हात लावला नाही. पण तिच्या हातचं पाणीही कोणी प्यायलं नाही, आणि विहिरीवर ती आली की बाया घागरी भरायच्या थांबायच्या. होळी झाल्यावर ती मुखरूला घेऊन वैनगंगेपलीकडे माहेरी गेली. पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही, आणि मला ठाऊक नाही म्हणजे कोणालाच नाही.

ती बोलली ते असं. चंदा आखाडीच्या पहाटे, उमाजी झाडू पुजाऱ्याकडे अंगारा आणायला गेला होता तेव्हा गेली. गोकुळाने तिला गोधडीत गुंडाळून भिंतीकडे तोंड करून निजवलं. उमाजी परत आला तेव्हा ती म्हणाली, आताच झोप लागली आहे, हात लावू नका. तो खेळायला गेला. नारळ घेऊन घरी येईपर्यंत त्याला ठाऊक नव्हतं.